बागेतलं व्यासपीठ

मी डेकच्या विरोधात होते. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगतात की कल्पना मुळात माझी. अजिबात नाही. माझ्या विरोधाचा लेखी पुरावा आहे, आणि त्यावर आईने सांडलेली हळदही आहे.

बाबा बँकेत अधिकारी. तीन-चार वर्षं झाली की बदली. आतापर्यंत आम्हाला बँकेने जे फ्लॅट दिले ते सगळे वरच्या मजल्यांवरचे, ज्यांच्या बाल्कनीत एक वॉशिंग मशीन आणि एक तुळस मावते, तिसरं माणूस मावत नाही. कोलकात्यात पहिल्यांदाच तळमजला मिळाला. सॉल्ट लेकमधलं जुनं दुमजली घर, वरचा मजला कुलूपबंद, मालक परदेशात. घराच्या डाव्या अंगाला बागेची पट्टी. पुढे गल्लीला लागून कमरेएवढी भिंत, मागे उंच भिंत, मध्ये कामिनीचं एक झाड, थोडी जास्वंद आणि मागच्या कोपऱ्यात प्राजक्त. हॉलच्या बाजूच्या दारातून बागेत उतरायला तीन पायऱ्या.

सगळा प्रश्न त्या तीन पायऱ्यांचा. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती. सपाटीवर ती काठी घेऊन छान चालायची, पण पायऱ्या म्हटलं की चेहरा पांढरा पडायचा, आणि खाली उतरलं तरी पावसाळाभर चिखलच. म्हणून ती दारातच खुर्ची टाकून बसायची. अर्धी घरात, अर्धी बाहेर. पाठीला पंखा, पायाला डास. आणि अधूनमधून म्हणायची, "मला बाहेर बसायचंय."

बास. एवढीच मागणी. आमच्या संघटनेच्या कुठल्याही मोर्चात इतकी साधी मागणी मी ऐकलेली नाही.

बाबांनी ती ऐकली आणि न्यू टाउनमधून एक डिझायनर बोलावला. हे बाबांचं नेहमीचं. आई म्हणाली की नळ ठिबकतोय, तर हे धरणाचा नकाशा मागवतील. डिझायनर माझ्याच वयाचा होता. बूट खराब होतील म्हणून तो बागेत उतरलाच नाही, दारातूनच फोटो काढून गेला. पुढच्या आठवड्यात लॅपटॉपवर त्याने आम्हाला आमची बाग दाखवली. ओळखूच येईना. गुळगुळीत लाकडाचा डेक, पलीकडे दगडी फरसबंदी, मधोमध शेकोटी, शेकोटीभोवती जमिनीलगत गाद्या, आणि गाद्यांवर चार गोरी माणसं, खांद्यावर लोकरीच्या शाली, हातात उंच पेले. कोलकात्यात! जिथे भाद्रपदात माणूस गळ्यात टॉवेल टाकून जेवायला बसतो! त्या चित्रात घाम नव्हता, डास नव्हते आणि माझी आईसुद्धा नव्हती.

"हा डायनिंग झोन," तो म्हणाला. "हा कॉन्व्हर्सेशन झोन. आणि हा मेडिटेशन झोन."

आमची बाग एवढीशी. एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये जायला फक्त मान वळवावी लागली असती.

"मेडिटेशनच्या जागी आत्ता झाड आहे," मी म्हणाले.

"झाड डिझाइनमध्ये बसत नाही."

"मग डिझाइन झाडात बसवा."

आई चष्मा लावून पडदा बघत होती. "अहो, ह्यात मी कुठे बसायचं?"

बाबांनी गादीवर बोट ठेवलं.

"इतक्या खाली? मग उठवायला क्रेन आणणार का?"

"अगं, ह्याला आउटडोअर लिव्हिंग म्हणतात."

"बाहेर राहायचं? मग हे घर कशाला घेतलंय?"

पण बाबांचा जीव शेकोटीवर जडला होता. कोलकात्याच्या पहिल्याच थंडीत ते ऑफिसातल्या लोकांचं बघून नोव्हेंबरात माकडटोपी घालायला लागले होते. आता त्या टोपीला साजेसा जाळ हवा होता.

मी त्याच दिवशी पत्रक काढलं. शहरातली तळी आणि उघडी माती वाचवणं हे आमच्या संघटनेचं काम, आणि पत्रकं लिहिणं माझं. बाहेर हिंदीतून लिहिते, हे मराठीतून लिहिलं. "माती झाकू नका! ह्या घरातील सत्ताधारी गटाने बागेवर फरशी ओढण्याचा घाट घातला आहे. दर पावसात आपल्या गल्लीत पाणी का तुंबतं? कारण प्रत्येकाने आपापलं अंगण सिमेंटखाली पुरलंय! पाणी जाणार कुठे? तुमच्या बुटात! कामिनीच्या एका फांदीलाही हात लावू दिला जाणार नाही. ध्यान करायचं असेल तर झाडाखाली करा, ती पद्धत फार जुनी आहे." खाली सही: एक जागरूक रहिवासी. तीन माणसांच्या घरात.

एक प्रत फ्रिजवर, एक बाथरूमच्या दारावर, एक बाबांच्या डब्यात. डब्यातली प्रत संध्याकाळी परत आली, खाली "पाहिले" असा शेरा आणि सही. फ्रिजवरची आईने काढून हळदीच्या डब्याखाली घातली.

मार्ग काढला मालकांनी, तोही फोनवरून. म्हणाले, जाताना सोडवून नेता येईल असं काहीही करा, पक्कं काही नको. म्हणजे फरसबंदी गेली, शेकोटी गेली, डिझायनरही गेला. बाबा दोन दिवस टोपीसारखे मिटून बसले. आणि तेव्हा, पडलेल्या शत्रूला हात द्यावा तशी, मी म्हणाले, "बांबूचं करू."

इथूनच माझं नाव ह्यात गोवलं गेलं.

माझ्या अटी मी सांगितल्या. जमिनीत सिमेंटचा कण जाणार नाही. फळ्यांमध्ये बोटभर फट राहील, म्हणजे पाणी खाली मुरेल. कामिनी जिथे आहे तिथेच राहील. आणि उंची बरोबर दाराच्या उंबऱ्याला लागेल, म्हणजे आईला पायरीच नको. हॉलमधून सरळ बाहेर. बाबांच्याही अटी होत्या. गल्लीकडून आडोसा हवा, कारण बँकेच्या माणसाने बनियनवर चहा पिताना लोकांना दिसू नये. तोंड मागच्या बाजूला हवं, प्राजक्ताकडे. सकाळी सडा बघत पेपर वाचणार होते. आईला अटी विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला बाहेर बसायचं होतं, हे तर आम्हाला माहीतच होतं.

राहता राहिला प्रश्न बांधणार कोण. सुतार म्हणाला, बांबू आपलं काम नाही. पण माझ्या ओळखीचा एक माणूस होता ज्याचं आयुष्यच बांबूत गेलं होतं. आमच्या संघटनेच्या सभांची स्टेजं तोच बांधायचा. तळ्याकाठी, सेक्टर फाइव्हच्या मेट्रोखाली, सांगू तिथे. पोट मोठं, फोन दोन, आवाज लाउडस्पीकरला लाजवणारा. बांबूंचं गोदाम हावड्याला, आणि दुर्गापूजा जवळ आली की अर्ध्या शहराचे मांडव त्याच्याच डोक्यावर. मी बोलावलं म्हणून आला. बागेत उभा राहिला, डोळे बारीक करून एकदा दाराकडे बघितलं, एकदा गल्लीकडे.

"दीदी, पब्लिक किधर रहेगा?"

मी फोनवर होते. तळ्यात भराव टाकणाऱ्या कुठल्याशा ठेकेदाराच्या माणसाशी भांडत होते. मला वाटलं हा चळवळीबद्दलच विचारतोय. मी म्हणाले, "पब्लिक हमेशा रास्ते पे ही रहता है, दादा."

त्याने मान डोलावली. कामाच्या माणसाला लागणारं उत्तर मिळालं होतं.

बांधकामाच्या दिवशी बाबा ऑफिसात, मी तळ्यावर. घरी आई. संध्याकाळी मी गेटपाशी पोचले तर बाबा आधीच पोचले होते आणि गल्लीतच उभे होते, बॅग छातीशी धरून.

आमच्या बागेत स्टेज होतं.

डेक नव्हे, स्टेज. उंची अगदी उंबऱ्याला लागलेली, फळ्यांत बोटभर फटी, कामिनीला धक्का नाही. माझी एकूण एक अट पाळलेली. पण तोंड गल्लीकडे, सताड उघडं. मागे, प्राजक्ताच्या बाजूला, वरपासून खालपर्यंत घट्ट ताणलेलं निळं कापड, त्याला पिवळी झालर. वरून छत, तेही कापडी. समोर दोन खांब आणि त्यांवर बॅनर बांधायला आडवा बांबू. एका कोपऱ्यात माइकची वायर अडकवायला आकडासुद्धा. आमच्या हॉलचं दार ह्या सगळ्याच्या डाव्या बाजूला उघडत होतं, नाटकातल्या विंगेसारखं.

"हे काय आहे?" बाबा.

"डेक," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"हा डेक आहे? इथून मी अध्यक्षीय भाषण करू शकतो!"

तेवढ्यात विंगेतून आई आली. एका हातात काठी, एका हातात मेथीची जुडी. हॉलमधली हातांची खुर्ची कामगारांनीच बाहेर आणून मधोमध ठेवली होती. आई खुर्चीत बसली, मेथी मांडीवर घेतली आणि निवडायला लागली. पाठीमागे निळं कापड, पिवळी झालर.

गल्लीतून जाणारा एक माणूस थांबला. मग एक बाई थांबली. इस्त्रीवाला कपड्यांचं बोचकं घेऊन चालला होता, तोही थांबला.

"कोखोन शुरू होबे?" बाईने बाबांना विचारलं. कधी सुरू होणार?

बाबा म्हणाले, "नहीं, नहीं, ये हमारा घर है."

ती समजुतीने हसली आणि थांबूनच राहिली.

हे एक दिवस चाललं असतं तर मी काही लिहिलं नसतं. रोज चालायला लागलं. संध्याकाळी आई विंगेतून प्रवेश करायची आणि गल्लीतली माणसं भिंतीपाशी रेंगाळायची. ती बाई समोरच्याच घरातली निघाली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःचा वेताचा मोडा, म्हणजे बुटकं स्टूल, आणला, भिंतीपलीकडे टाकला आणि आईला हातवारे करून सांगायला लागली की मेथीची देठं एवढी मोठी ठेवू नयेत. आईने मराठीत सांगितलं की आमच्यात ठेवतात. भांडण झालं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी नीट, मुद्देसूद भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी वेळेआधी हजर. भाजीवाला गाडी आमच्याच भिंतीला लावू लागला. पेन्शनर म्हाताऱ्यांचा फिरायला जाणारा घोळका आमच्यापुढे आल्यावर आपोआप मंदावायचा, नमस्कार करायचा, आई खुर्चीतून मान लववायची. एकाने माझ्यादेखत दुसऱ्याला विचारलं की ह्या बाई कुठल्या पक्षाच्या.

मला संताप आला. का येऊ नये? आमच्या सभांना पत्रकं वाटून, दारोदार फिरून, घसा फोडून जी माणसं जमतात त्यात निम्मे साध्या वेशातले पोलीस असतात. आणि इथे एक बाई मेथी निवडते आणि जनता गोळा! ना पत्रक, ना मुद्दा, ना मागणी!

बाबांचा संताप वेगळा. त्यांना सकाळी बनियनवर बाहेर येता येईना. एकदा आले, तर पलीकडून दूधवाल्याने सलाम ठोकला. आणि प्राजक्त कापडाआड. सडा पडत होता तो कापडाला लागल्याचा आवाज येतो असं त्यांचं म्हणणं होतं. प्राजक्ताच्या फुलाचा आवाज!

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं आणि माझं एकमत झालं. स्टेज फिरवून घ्यायचं. तोंड बागेकडे, पाठ गल्लीकडे. तिथे झाडं आहेत, माती आहे, वारा आहे. बाहेर बसायचं ते ह्याच्याचसाठी ना? मी मांडववाल्याला फोन केला. तो म्हणाला, फिरवायचं म्हणजे सगळं सोडायचं आणि परत बांधायचं, आणि एकदा सोडलेले बांबू तो पूजेच्या मांडवांना नेणार. परत बांधून मिळेल, पण कालीपूजेनंतर.

"चालेल," बाबा म्हणाले. "गणपती होऊ देत. दीड दिवस तर. विसर्जन झालं की ये म्हणावं."

आई हे सगळं चहा गाळत ऐकत होती.

"फिरवून काय करणार?" तिने विचारलं.

"अगं, तुझ्याचसाठी. बागेकडे तोंड होईल. शांत."

"आणि मी कुणाकडे बघू?"

"झाडांकडे!" मी म्हणाले.

"झाडं माझ्याशी बोलतात का गं?" तिने गाळणं आपटलं. "दोन वर्षं झाली ह्या गावात. हे बँकेत, तू तळ्यावर. मी त्या दारात बसून कोपऱ्यातल्या प्राजक्ताकडेच बघत होते. पाठ झालाय मला तो. मला बाहेर बसायचंय म्हणजे बाहेर. जिथे माणसं असतात ना, ते बाहेर."

"मग आधी बोलायचं नाही का? ते बांधत होते तेव्हा तू घरीच होतीस," बाबा म्हणाले.

"होते की. तो विचारायला आला होता, माशीमा, म्हणजे मावशी, ठीक है? मी म्हटलं, एकदम ठीक है."

पण मांडववाल्याला यायला सांगून झालं होतं, आणि तो पूजेच्या हंगामातला मांडववाला, बांबू दिसले की झेप घेणारा. बाबा म्हणाले, आता शब्द दिलाय. बँकेचा माणूस. आई पुढे एक अक्षर बोलली नाही. तिने फक्त सांगितलं की ह्या वर्षी गणपती बाहेर बसेल, आत पाटापुढे खाली बसून पूजा आपल्याच्याने होत नाही.

मूर्ती मी आणली. माझ्या आग्रहाने कच्च्या मातीची, रंगाचा थेंब नाही, पाण्यात घातली की तासाभरात माती. कुंभार बिचारा विचारत राहिला, रंग नहीं? आँख भी नहीं? शेवटी माझ्या हातातून परत घेऊन काळ्या रेघेने डोळे तेवढे काढून दिले. गणपती स्टेजवर बसला, मधोमध, उंच टेबलावर. शेजारी आईची खुर्ची. आमची आरती गल्लीभर ऐकू गेली आणि समोरच्या बाईने शंख आणून फुंकला, तेव्हा बाबा ताम्हन घेऊन दचकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. आमच्या घराण्यात गणपती दीड दिवसाचा, पिढ्यानपिढ्या. मांडववाला बरोबर वेळेवर आला, दोन माणसं आणि टेम्पो घेऊन. बाबा सोवळं नेसून तयार. मी बादली भरून ठेवली होती.

"चल, उत्तरपूजा करून घेऊ," बाबा म्हणाले.

"नाही," आई म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"इतक्यात नाही. राहू दे त्याला."

"अगं, आपल्या घराण्यात दीड दिवसाचा असतो!"

"तुमच्या घराण्यात गुडघेही होते. माझे नाहीयेत."

मी आईकडे बघितलं. ती खुर्चीत ताठ बसून होती, काठी आडवी मांडीवर. आणि मला कळलं. उत्तरपूजा झाल्याशिवाय मूर्ती हलत नाही. मूर्ती हलत नाही तोवर मांडव सुटत नाही. मी इतकी वर्षं धरणं धरते, साखळ्या करते, बुलडोझरपुढे आडवी पडते. हा डावपेच आमच्या कुठल्याही पुस्तिकेत नाही.

मांडववाल्याने चपला काढल्या, कान पकडून नमस्कार केला. "ठाकुर बैठा है," देव बसलाय, असं तो बाबांना समजावू लागला, जणू बाबाच हट्ट करत होते. "ठाकुर बैठा है तो बांबू कैसे खोलेगा, दादा? पाप लगेगा." मग आईकडे वळून, अगदी हळू आवाजात, "माशीमा, कब उठेगा?"

"मी सांगेन," आई म्हणाली. मराठीतच. त्याला कळलं.

टेम्पो रिकामा गेला. तो फोन करायचा, मी सांगायचे, अजून बसलाय. बाबा रोज पंचांग घेऊन आईपुढे उभे राहायचे. पाच दिवसांचा तरी करू म्हणायचे, मग म्हणाले सात, आणि ते आकडे चढवत असताना आई मोदकांचा उरलेला खवा समोरच्या बाईला भिंतीवरून देत होती.

मग पाऊस आला. भरदुपारी, आडवा, कोलकात्याचा पाऊस. कापडी छत फुगलं, गळायला लागलं, आणि पहिली धार बरोबर गणपतीच्या डोक्यावर.

कच्च्या मातीच्या गणपतीच्या. बिनरंगाच्या. तासाभरात माती होणाऱ्या.

"अहो, छत्री!" आई ओरडली.

त्या दुपारचं चित्र मला कुठल्याही डिझायनरने काढून दाखवावं. सुट्टीचा दिवस होता. बाबा बनियनवर, उभ्या गल्लीसमोर, गणपतीवर छत्री धरून. मी पातेलं घेऊन छताखाली, धार झेलत. आई खुर्चीतून सूचना देत. इकडे धर, अगं तिकडे, कान भिजला बघ. समोरची बाई तिच्या घरची मोठी छत्री घेऊन भिंत ओलांडून आली. साठीची बाई, साडी खोचून, भिंत ओलांडून. इस्त्रीवाल्याने त्याचं प्लास्टिक आणलं, लोकांचे इस्त्रीचे कपडे उघडे टाकून. घरातच का नेला नाही, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. हलवला असता तर गणपती उठला असता ना, आणि मागोमाग मांडवही! आम्हाला सगळ्यांना, अगदी मलासुद्धा, जी पत्रकांतून देवाबद्दल काय काय लिहिते, त्या दुपारी हे स्वच्छ कळत होतं.

पाऊस थांबला तेव्हा सोंडेचं टोक मऊ पडलं होतं आणि पोट एका बाजूला कलंडलं होतं. डोळ्यांची काळी रेघ ओघळून गालावर आलेली. आईने बराच वेळ बघितलं.

"दमला गं," ती म्हणाली. "आता ह्याला असं धरून ठेवणं बरं नाही." आणि बाबांना म्हणाली, "करा उत्तरपूजा."

बाबा छत्री मिटता मिटता थांबले. "उद्या तो बांबू घेऊन जाईल."

"माहितीये मला."

बादलीत विसर्जन झालं. ती माती मी कामिनीच्या मुळाशी घातली. आई आत गेली, आणि संध्याकाळी तिने खुर्ची हॉलच्या दारात ठेवली, पूर्वीच्या जागी. सवय करत होती, असं मला वाटलं. पाठीला पंखा, पायाला डास.

सकाळी मांडववाला आला तेव्हा मी स्टेजवर आडवी पडले होते. हो, मीच. डेकच्या विरोधातली. घोषणा सुचेना, म्हणून नुसतीच पडले.

"दीदी, उठो. ठाकुर तो गया."

"नाही उठणार."

"ऊठ गं," आई दारातून म्हणाली. "त्यांना काम करू दे. आणि चहा टाक सगळ्यांना."

पण तोवर भिंतीपाशी माणसं जमली होती. भाजीवाला, दूधवाला, म्हाताऱ्यांचा घोळका, मोडा घेऊन समोरची बाई. ती मांडववाल्यावर बंगालीतून तुटून पडली. इतक्या वेगाने की मला चारच शब्द कळले, त्यातला एक "लज्जा". एका म्हाताऱ्याने विचारलं की विश्वकर्मा पूजा तोंडावर आली असताना मांडव कोण सोडतं. दुसरा म्हणाला, मग दुर्गा, मग लक्ष्मी, मग काली, मग जगद्धात्री. बारा महिन्यांत तेरा सण, ह्या गावात मांडव सोडायला मोकळा दिवस आहेच कुठे? मांडववाला घाम पुसत म्हणाला, बाबूमोशाय, तुमच्याच पूजेला बांबू कमी पडतायत. हा मुद्दा मात्र सगळ्यांना पटला.

त्याने स्टेजभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, एक बांबू हाताने हलवून पाहिला. मग म्हणाला, छताचे आणि मागचे बांबू लांब आहेत, नवे आहेत, ते न्यावेच लागतील. कापडही. खालचे ठेवा.

"खालचे का नकोत?" बाबांनी विचारलं.

"नीचे का सब पुराना है, दादा. पंडाल में नहीं चलेगा. गिर जाएगा."

"आणि आम्ही त्यावर बसलो होतो?"

"आप तो बैठा था. पंडाल में पब्लिक नाचता है."

माझा ह्यावर तीव्र निषेध आहे आणि तो मी त्याला ऐकवला. पण आई दारात उठून उभी राहिली होती.

छत उतरलं. मग निळं कापड, झालर, बॅनरचा बांबू. वायरचा आकडा विसरून गेला, तो अजून आहे. मागचं कापड पडलं तसा प्राजक्त दिसायला लागला, खाली कितीतरी दिवसांचा सडा कुजून तपकिरी झालेला. समोर गल्ली होतीच.

आता उरलाय नुसता ओटा. दाराच्या उंबऱ्याला लागून, दोन्हीकडून उघडा, वर काही नाही. पाऊल टाकलं की करकरतो, आणि सुतळ्या सैल झाल्या की बाबा स्वतः रविवारी बसून आवळतात, यूट्यूबवर गाठ बघून. गाठ चुकते. आई मधोमध बसते, गल्लीकडे तोंड करून. बाबांनी शेवटी तिच्या पाठीला पाठ लावून आपली खुर्ची टाकली, प्राजक्ताकडे तोंड करून, बनियनवर. आई आडोसा झाली, म्हणतात.

परवा ऊन होतं म्हणून मी आईला म्हटलं, वर काहीतरी घालू या का, निदान चटई.

"छप्पर आत आहे की," ती म्हणाली, आणि समोरच्या बाईला ओरडली, "बोशून, बोशून, बसा, चहा येतोय!"

गल्लीतून नवा कुणी चालला होता. थांबला. कोखोन शुरू होबे, त्याने विचारलं.

"झालंय सुरू," बाबा म्हणाले, मागे वळून न बघता.